पळायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात पाय धरतो, तेव्हा काय काय तपासायचं

पहिले दहा-बारा दिवस झकास जातात. दम कमी लागायला लागतो, सपाटून भूक लागते, घरचे कौतुक करतात. मग तिसऱ्या नाहीतर चौथ्या आठवड्यात पाय कुरकुरायला लागतो. नक्की कुठे आणि केव्हा दुखतंय ते आधी नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

लक्षणं

नडगीचं दुखणं सगळ्यात जास्त दिसतं. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार बोटांपासून पोटरीच्या निम्म्यापर्यंत ठणकतं. पळायला सुरुवात केल्यावर पाच-दहा मिनिटं दुखतं, अंग तापलं की जातं आणि संध्याकाळी घरी टेकलं की परत येतं. ‘पळलं की मोकळं होतं’ म्हणून माणूस पळत राहतो, आणि दुखणं इथेच फसवतं.

टाच: सकाळी पलंगावरून उतरून पहिली चार पावलं टाकताना तळव्यातून सणकन कळ येते. घरात थोडं फिरलं की कमी होते. दुपारी तासभर बसून उठलं की पुन्हा तेच.

गुडघा वाटीच्या मागे किंवा भोवती दुखतो. चढताना फारसा नाही, उतरताना. एसटीत पाय मुडपून पुण्यापर्यंत गेलं तर स्वारगेटला उतरताना गुडघा सरळ करायला वेळ लागतो.

मांडीचं दुखणं मात्र यात धरू नका. घाट उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा धरावा लागतो, ते दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि आठवड्याच्या आत आपोआप जातं. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, चोळून काढ’ असं मैदानावर कोणीतरी सांगणारच. पण पळणं थांबल्यावर तास-दीड तासात ते रक्तातून निघून गेलेलं असतं. हे दुखणं स्नायूच्या तंतूंना पडलेल्या बारीक चिरांचं आणि त्या भरून येण्याचं असतं. दोन दिवस हळू चाला, पुरे.

शेवटचं लक्षण दुखण्याचं नाहीच. आठवडाभर पाय जड, झोप लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड होते आणि सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी नेहमीपेक्षा चांगलीच जास्त. त्याला लोक ‘मूड गेला’ म्हणतात आणि व्यायाम सोडतात.

तिसराच आठवडा का?

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात सकाळी मैदानावर आणि यवतेश्वरच्या घाटात नव्यानं पळायला येणाऱ्यांना बरीच वर्षं बघतो आहे, त्यांना सांभाळून घेतो आहे. साधारण तीन तऱ्हेचे लोक येतात. हिल मॅरेथॉनला नाव घातलेले, भरतीची मुलं आणि ‘शुगर बॉर्डरवर आहे, चालायला लागा’ असं डॉक्टरांनी सांगितलेले चाळिशी-पन्नाशीचे. तिघांची घाई वेगळी, पण पाय धरतो तो सगळ्यांचा एकाच सुमाराला.

त्याचं कारण असं की दम पटकन वाढतो आणि हाड सावकाश तयार होतं. पळायला लागल्यावर रक्तातलं पाणी काही दिवसांतच वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यातच श्वास सोपा होतो. स्नायूंना काही आठवडे लागतात. स्नायू हाडाला बांधणारे कंडरे आणि हाड यांना मात्र महिने. हाडाचं काम पोवई नाक्याच्या रस्त्यासारखं चालतं. मजबूत करायचा म्हणून आधी उखडतात, मग खडी-डांबर येतं. नवा भार आला की शरीर जुनं हाड थोडं कुरतडून काढतं, त्याला साधारण तीन आठवडे लागतात, आणि ती जागा नव्या हाडानं भरून यायला तीनेक महिने. म्हणजे ‘आता जमायला लागलं’ असं वाटतं त्याच आठवड्यात नडगी सगळ्यात नाजूक असते. आणि नेमका त्याच आठवड्यात माणूस अंतर वाढवतो.

हे डोक्यात ठेवून पुढच्या तपासण्या करा. फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर.

अंगठा आणि बॉलपेन

खुर्चीवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. घोट्याच्या आतल्या गाठीपासून वर गुडघ्याकडे, नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत दाबत न्या, एकेक बोट अंतरानं. जिथे दुखायला सुरुवात होते तिथे बॉलपेननं रेघ मारा, जिथे थांबतं तिथे दुसरी.

दोन रेघांमध्ये चार बोटं किंवा त्याहून जास्त अंतर असेल, म्हणजे दुखणं लांबोळकं पसरलेलं असेल, तर बहुतेक वेळा ते हाडावरच्या आवरणाला आणि तिथे चिकटलेल्या स्नायूंना आलेला दाह असतो. त्रासदायक, पण सांभाळून घेतलं तर जातं. दोन रेघा मारायला जागाच नसेल, एकाच ठिकाणी नाण्याएवढा ठिपका असेल आणि तिथे दाबलं की तुम्ही पाय ओढून घेत असाल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे हाडाला बारीक तडा जात असण्याची शक्यता असते. साधं चालताना दुखत नसेल तर त्या एका पायावर अलगद एक उडी मारून बघा. त्याच ठिपक्यावर कळ आली तर पुढच्या तपासण्या वाचू नका, थेट ‘कुठे थांबायचं’ तिकडे जा. चालतानाही दुखत असेल तर उडी मारून बघायचीसुद्धा गरज नाही.

भरतीच्या मुलांमध्ये हा ठिपका मला सगळ्यात जास्त सापडतो. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, वेळेवर गुण असतात, म्हणून मुलं रोज तेच अंतर जीव तोडून पळतात. परीक्षा रोज द्यायची नसते, हे त्यांच्या गळी उतरवणं अवघड जातं. ‘सर, ग्राउंड (भरतीची मैदानी चाचणी) वीस दिवसांवर आलंय’ हे ठरलेलं उत्तर. तडा गेलेल्या पायानं वीस दिवसांनी पळता येत नाही, हे माझंही ठरलेलं.

वहीत मागचे चार आठवडे

कागद घ्या, चार ओळी आखा आणि आठवणीनं भरा. किती दिवस पळलात, किती अंतर, सपाट की चढ. मोबाईलमध्ये नोंद असेल तर सोपंच.

दहातल्या सात-आठ जणांचं कारण या कागदावरच सापडतं. आठवडाभर मैदानावर तीन-तीन किलोमीटर, आणि रविवारी ग्रुपबरोबर समर्थ मंदिरापासून जो घाट धरला तो वरपर्यंत. वर वारं छान, कोणी गरम पोहे आणलेले, फोटो काढायचा, त्यात आणखी दोन किलोमीटर वाढतात. एका रविवारी आठवड्याइतकं अंतर झालेलं असतं आणि ते लक्षातही येत नाही, कारण दम टिकलेला असतो.

‘दर आठवड्याला दहा टक्के वाढवा’ हा नियम सगळीकडे सांगतात. मला तो फारसा पटत नाही. आठवड्याला आठ किलोमीटर पळणाऱ्याचे दहा टक्के म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. आणि पन्नास पळणाऱ्याचे पाच किलोमीटर. मी सांगतो ते असं: वाढवायचं तर एकच गोष्ट वाढवा. अंतर वाढवलं तर त्या आठवड्यात वेग नको आणि घाट नको. तीन आठवडे थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर या. आणि सुरुवातीला पळण्याच्या दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. हाडाला भरून यायला तो दिवस लागतो.

त्याच कागदावर बाकीचंही लिहा. गावची यात्रा, लग्नात दिवसभर उभं राहणं, शेतात भांगलण, नव्या दुकानात सिमेंटच्या फरशीवर आठ तास. पायाला हे सगळं भारच. टाच दुखणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर मी आधी स्वयंपाकघराची फरशी विचारतो. शहाबादीवर नाहीतर टाइल्सवर अनवाणी दोन-तीन तास उभं राहायचं आणि त्यावर पहाटेचं चालणं. घरात घालायला मऊ तळाची चप्पल घेतली की निम्म्या जणींचा त्रास उतरतो. बाकी टाचेसाठी पोटरी ताणायची आणि थिजवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवायची.

उतार

आपल्याकडचा खास घोळ हा आहे. नवा माणूस चढ चालत चढतो, कारण दम लागतो, आणि उतार पळत उतरतो, कारण दम लागत नाही. अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्यावर, चार भिंतीच्या उतारावर, यवतेश्वर घाटात सकाळी सात वाजता उभं राहून बघा, सगळे हेच करत असतात.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडता आखडता ताणला जातो, म्हणजे तो ब्रेकचं काम करतो. स्नायूला सगळ्यात जास्त चिरा अशाच कामात पडतात. शिवाय पाऊल लांब पडतं, टाच आपटते आणि तो दणका नडगीतून गुडघ्यात जातो. श्वास शांत असतो म्हणून शरीर ‘पुरे’ म्हणत नाही. म्हणून पहिले दोन महिने चढ हवा तर पळा, उतार चालत या. उतरायचा कंटाळा येत असेल तर वरून कोणाच्या तरी गाडीवर या, त्यात कमीपणा नाही. हिल मॅरेथॉनला नाव असेल तर उताराचाही सराव लागतोच, ती शर्यत यवतेश्वर चढून परत खाली येते आणि शेवटचे किलोमीटर पायांची परीक्षा बघतात. पण तो सराव तिसऱ्या महिन्यात, आठवड्यातून एकदा, छोट्या तुकड्यावर.

गुडघा उतरताना दुखणाऱ्यांनी फक्त एवढं बदललं तरी पंधरा दिवसांत फरक दिसतो. दिसला नाही तर पुढे चला.

एकाच पायाला का?

दुखणं एकाच पायाला असेल तर रस्ता बघा. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेनं पळतो, ते बरोबरच आहे. पण त्यामुळे उजवा पाय नेहमी खालच्या बाजूला पडतो. जाताना तसं आणि येतानाही तसंच, कारण येतानाही आपण आपल्या उजव्याच कडेला असतो. उपाय म्हणून बाजू बदलू नका. पावसाळ्यात घाटात दहा पावलांवरचं दिसत नाही आणि फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी कासकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. आठवड्यातले दोन-तीन दिवस मातीच्या सपाट मैदानावर पळा, एवढंच करा.

मैदानावर सगळे एकाच दिशेनं गोल फिरतात. एक दिवस उलटं फिरा. सुरुवातीला लोक बघतील.

वेग आणि पाऊल

शेजारच्याला घरातला अख्खा तंटा सांगता आला पाहिजे, असा वेग ठेवा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही नवशिक्याच्या मानानं जोरात पळताय. आठवड्यातलं बहुतेक पळणं गप्पांच्या वेगाचं हवं. बरगडीखाली चमक येते तीही बहुधा याच घाईची, किंवा पळायच्या तासभर आधी पोटभर खाल्ल्याची. तेव्हा वेग कमी करा, फुंकर घातल्यासारखा श्वास लांब सोडा, जाते.

पावलाचं असं करा. अर्धं मिनिट पावलं मोजा आणि दुप्पट करा. दीडशेच्या आसपास येत असतील तर त्याच वेगात पाऊल थोडं छोटं करून एकशे साठपर्यंत न्या. एवढ्या पाच-दहा टक्क्यांनीही गुडघ्यावरचा भार कमी होतो, कारण पाऊल पुढे पसरण्याऐवजी शरीराच्या खाली पडतं. जमतंय की नाही ते कानांना कळतं. पाय आपटल्याचा आवाज कमी होतो. एकदम एकशे ऐंशी करायला जाऊ नका, मग पोटरी धरते.

खाणं, उपास, झोप

श्रावणात दर वर्षी दोन-चार जण चक्कर येऊन बसतात. उपास करा, पण त्या दिवशी चाला, पळू नका. एरवीही नुसत्या चहावर पहाटे पळून दहा वाजेपर्यंत काही न खाणं पायाला महागात पडतं. मटकी, डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, जे घरात आहे ते पुरतं. पावडरचा डबा घ्यायच्या आधी जेवण नीट आहे का बघा. झोप सहा तासांच्या खाली असेल तर पळण्याचा एक दिवस कमी करून झोपा.

माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळल्या. आता मैदानावर मुली भरपूर दिसतात, चांगल्या पळतात. त्यांच्या आयांना एक सांगणं आहे. पळायला लागल्यापासून मुलीची पाळी दोन-तीन महिने चुकली असेल, वजन उतरत असेल आणि नडगी दुखत असेल तर ‘व्यायामानं होतं’ म्हणून सोडून देऊ नका. पळण्यात खर्च होणाऱ्या ताकदीच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाड ठिसूळ व्हायला लागतं. ते डॉक्टरांना दाखवायचंच.

पायात ताकद

याला पैसे लागत नाहीत, पण चिकाटी लागते म्हणून लोक टाळतात. जिन्याच्या पायरीवर पुढच्या चवड्यांवर उभं राहा, कठड्याला हात टेकवा, टाचा वर करा आणि मोजून तीन आकड्यांत खाली सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. नडगी आणि टाच दोन्हींसाठी हे एकच काम सगळ्यात उपयोगी. जमायला लागलं की एका पायावर. गुडघ्यासाठी भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. कमरेच्या बाजूचे स्नायू दमले की गुडघा आत झुकतो आणि वाटी घासते.

तालमीतल्या वस्तादांना हे आधीपासून माहीत आहे. नव्या पोराला ते पहिल्या दिवशी शंभर बैठका मारायला लावत नाहीत, वीसवर थांबवतात आणि पोराला राग आला तरी थांबवतात. सहा ते आठ आठवडे करा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून सोडलं तर ते केल्यासारखं धरू नका.

बूट

हे इतकं खाली का, असं वाटेल. कारण पाय धरला की माणूस पहिल्यांदा दुकानात जातो, पाच-सहा हजार घालतो, आणि उतार तसाच पळत राहतो.

आहेत ते बूट टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत मागून बघा. टाच एका बाजूला कलली आहे का? मधल्या जाड फोमवर कडेनं आडव्या सुरकुत्या पडल्यात का? अंगठ्यानं दाबल्यावर तो परत फुगतो का? खालची नक्षी शाबूत दिसली तरी फोम मेलेला असू शकतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला बूट संपतात. कॉलेजपासून कपाटात पडलेले असतील तर न पळताही फोम कडक होतो, आणि पावसात भिजला की तळ सुटतो.

नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पळताना घालायचे तेच मोजे घालून बघा, अंगठ्यापुढे एका बोटाच्या रुंदीची जागा ठेवा, आणि दुकानातच चार पावलं पळून बघा. पायाला पहिल्या मिनिटापासून बरे वाटले ते घ्या. ‘पळून पळून सैल होतील’ हे विक्रेत्याचं बोलणं कानाआड करा. पावसात भिजले तर आतला तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, शेगडीजवळ ठेवू नका. शक्यतो दोन जोड आलटून पालटून वापरा.

रक्त तपासणी

वरचं सगळं केलं, दुखणं नाही, पण पाय महिनाभर जडच आहेत, धाप जाते म्हणत नाही. तेव्हा काहीशे रुपयांत होणारी हिमोग्लोबिनची साधी तपासणी करा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. रक्त कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम वाढणार नाही. शाकाहारी असाल तर बी-१२, आणि दिवसभर ऑफिसात असाल तर ड जीवनसत्त्वही डॉक्टरांना विचारून बघून घ्या. डेंगी किंवा चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर सांधे काही आठवडे, कधी काही महिने दुखतात. ते पळण्याचं दुखणं नव्हे, आणि पळून जाणार नाही.

हे करू नका

पळायच्या आधी दुखणं मारायची गोळी घेऊ नका. दुखणं दबतं, तडा दबत नाही, आणि घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. नडगीच्या हाडावर तेल लावून जोरात चोळून घेऊ नका. पोटरी चोळा, हाड नको. आणि कोणी ‘नस बसवून देतो’ म्हणत पाय ओढायला लागला तर नमस्कार करून उठा.

परत कसं सुरू करायचं

पसरलेलं, सौम्य दुखणं असेल तर पळणं दहा-पंधरा दिवस थांबवा, सायकल किंवा पोहणं चालू ठेवा. अर्धा तास भरभर चालून दुखत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत नाही, असं झालं की एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं, तेही सपाटीवर. पळताना दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळी गेलेलं असलं तर चालेल. सकाळी राहिलं असेल तर मागच्या पायरीवर या. दुखणं पळता पळता वाढत गेलं तर तिथेच थांबा आणि चालत घरी या.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

नाण्याएवढा ठिपका, उडीला कळ, रात्री झोपेतही ठणका, किंवा लंगडल्याशिवाय चालता येत नाही: पळणं त्या क्षणी बंद, हाडाच्या डॉक्टरांकडे. ठरावीक अंतर झालं की पोटरी दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर पडतं आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरतं, तेही त्यांनाच दाखवा. सहा आठवडे ताकदीचे व्यायाम नेमानं करूनही टाच किंवा गुडघा तसाच असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा, यूट्यूबवर सातवा व्यायाम शोधू नका.

एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते, चोळायची तर अजिबात नाही. बऱ्याच दिवसांनी एकदम खूप व्यायाम केल्यावर अंग भयंकर दुखतंय आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होतेय, तर तेही त्याच दिवसाचं काम आहे.

छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून थंड घाम, पळता पळता डोळ्यांपुढे अंधारी किंवा बेशुद्धी: १०८ ला फोन. अ‍ॅसिडिटी समजून सोडा घेत बसू नका आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. चाळिशी ओलांडलेल्यांनी, शुगर-बीपी असलेल्यांनी आणि घरात कमी वयात कोणाला हार्टचा त्रास झालाय त्यांनी घाट धरायच्या आधीच डॉक्टरांना दाखवून घ्यावं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरच्या आकड्यावर जाऊ नका, गप्पांच्या वेगावर जा.

डॉक्टरांकडे जाताना चार आठवड्यांचा तो कागद आणि जुने बूट बरोबर न्या, आणि नडगीवरची पेनाची खूण पुसू नका. हाडातला बारीक तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही. एक्स-रे साफ आला आणि ठिपका तसाच दुखत असेल तर परत पळायला सुरुवात करू नका. एमआरआय करायचा की तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढायचा, हे त्यांना स्पष्ट विचारा.